नकाशांतील ‘ब्लॉक’

मुंबईत ‘ब्लॉक’ म्हटलें कीं भाड्याची जागा डोळ्यांपुढें येते. परंतु संगणकावर इमारतीचे नकाशे काढणाऱ्यांच्या बोलण्यांत ह्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तो समजण्यास बी. डी. डी. चाळींचें उदाहरण फार सोयीचें. १९२० नंतरच्या दशकांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथें अशा २०७ चाळी बांधल्या. त्यांतील बहुतेकांच्या पुनर्विकासाचें काम ज्या म्हाडाकडे सोंपविलें आहे, तिचें मुख्य कार्यालय आपल्या वांद्र्यांतच आहे.

एका चाळींत चार मजले मिळून ८० खोल्या, आणि सर्व जवळजवळ सारख्या. मग नकाशांत खोली ८० वेळां काढावी काय? मुळींच नाहीं. ती एकदांच काढावी, तिला नांव द्यावें, आणि उंबरठ्याचा एक कोपरा तिचा आधारबिंदु म्हणून ठरवावा. हा झाला ब्लॉक. पुढें जेथें खोली हवी तेथें तिचा केवळ संदर्भ ठेवावयाचा. संदर्भांत रेषा नसतात. अमुक नांवाचा ब्लॉक, अमुक जागीं, इतक्या प्रमाणांत, इतके अंश फिरवून, एवढीच नोंद असते. आरशांतल्याप्रमाणें उलटी खोलीही अशीच ठेवतां येते. मूळ चित्र व त्याचे संदर्भ ही कल्पना आयव्हन सदरलँड यांनीं १९६३ सालींच आपल्या ‘स्केचपॅड’मध्यें करून दाखविली होती.

आतां समजा, चाकांची खुर्ची आंत जावी म्हणून दार रुंद करावयाचें ठरलें. मूळ ब्लॉकांत एक दार बदलतांच ८०ही दारें बदलतात. (मुळांत चूक झाली तर तीही ८० ठिकाणीं उमटते, हें निराळें सांगावयास नको.) परंतु कोणी घाईनें एक संदर्भ आधींच ‘एक्सप्लोड’ केला, म्हणजे फोडून सुट्या रेषा केल्या असल्या, तर? कागदावर ती खोली इतरांसारखीच दिसते. दुरुस्ती मात्र तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. सुतार नकाशाप्रमाणें चौकट करितो, आणि ज्या आजीसाठीं हा खटाटोप, तिचीच खुर्ची कदाचित् दारांत अडते. संदर्भांची मोजणी केल्यास ७९च भरतात, तेव्हां कोठें हें उमगतें.

एक खोली खरोखरच निराळी हवी असल्यास ब्लॉकची प्रत दुसऱ्या नांवानें करून तीच तेथें ठेवावी. मग मोजणींत ७९ आणि १ मिळून ८० बरोबर येतात.