मेणाचा दरवान
वसईच्या वाड्यांतली फुले आणि भाजी घेऊन भल्या पहाटे दादरच्या बाजाराकडे निघणाऱ्या डिझेल पिकअपच्या एंजिनात, पाण्याच्या वाटेचा सारा बंदोबस्त मेण भरलेल्या एका चिमुकल्या डबीकडे सोपवलेला असतो. पाणी सुमारे 82 अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे वळते. हा थर्मोस्टॅट ‘आपल्या उष्ण मुलखात हवा कशाला’ म्हणून बेलाशक काढून टाकण्याचा काही गॅरेजांतला रिवाज मला तरी अविचाराचा वाटतो, कारण थंड एंजिनात ऑइल दाट राहून घर्षण वाढते, ज्वलन अपुरे होते आणि डिझेल अधिक जळते. कमी अंशांचा बसवला तरी दोष तोच, फक्त सौम्य. वाटेतल्या वर्सोवा पुलाच्या कोंडीत एंजिन उकळले, तर आधी रेडिएटर आणि पंखा पाहावा. थर्मोस्टॅटचा संशय असेलच, तर तो पातेल्यातल्या तापत्या पाण्यात सोडावा, आणि उघडला नाही तर कंपनीने ठरवलेल्या अंशांचाच नवा बसवावा.