गर्भारपणातील ताप आणि एक काळी खपली

पावसाळा उताराला लागतो, अकोले तालुक्याच्या डोंगरउतारांवर गवत कमरेएवढे वाढते, प्रवरा आणि मुळेच्या काठचा ऊस माणसाच्या उंचीपलीकडे जातो. गौरी-गणपती ते दिवाळी या दिवसांत अहिल्यानगर जिल्ह्यातील कितीतरी घरांत लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते. हे दिवस कोडकौतुकाचे; पण स्क्रब टायफस या आजाराचाही हंगाम हाच. घरात गर्भवती असेल, तर त्याची ओळख घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला असणे फार गरजेचे आहे. कारण त्याची सर्वांत बोलकी खूण बहुधा अशा जागी असते, जी डॉक्टरांना दाखवायला लेक-सून संकोचते.

आजार येतो कोठून?

‘स्क्रब’ म्हणजे झुडपी रान. अशा रानात, बांधावरच्या गवतात, उंदीर-घुशींच्या वावराच्या जागी माईट नावाचे अतिसूक्ष्म जीव असतात. त्यांची पिल्ले डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. ती चावली, की त्यांच्यातील ‘ओरिएन्शिया सुत्सुगामुशी’ हे जंतू शरीरात शिरतात. चावा दुखत नाही, म्हणून लक्षातही राहत नाही. त्यानंतर साधारण सहा ते एकवीस दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. कोरडा खोकला, मळमळ, क्वचित अंगावर पुरळ अशीही लक्षणे दिसतात.

हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे आजारी लेकीजवळ बसायला, तिला भरवायला घाबरू नये.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या काही भागांत या आजाराचे अनेक रुग्ण आढळले, काही दगावलेही. तेव्हापासून महाराष्ट्रात त्याचे नाव अधिक ऐकू येऊ लागले.

गर्भवतीला धोका अधिक का?

जंतू रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करतात. त्यामुळे फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू यांना इजा पोहोचू शकते. गर्भारपणात आईबरोबर बाळही संकटात येते. गर्भपात, पोटातच बाळ दगावणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ असे परिणाम संभवतात. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आपल्याकडे उपचार घेतलेल्या अशा गर्भवतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्याच्या आसपास गर्भ वाचू शकले नव्हते. मोठ्या रुग्णालयात बहुधा गंभीर रुग्णच पोहोचतात, हे खरे. तरीही ताप अंगावर काढण्याची किंमत यावरून कळावी.

ओळख का चुकते?

याच दिवसांत डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि टायफॉइडही असतात. स्क्रब टायफसमध्येही प्लेटलेट कमी होतात, यकृताचे आकडे वाढतात. शिवाय नावात ‘टायफस’ असले, तरी हा टायफॉइड नव्हे. टायफॉइडवरची नेहमीची इंजेक्शने येथे उपयोगी पडत नाहीत. रक्ततपासणीत दिसणारी प्रतिपिंडेही आजाराच्या पहिल्या काही दिवसांत सापडत नाहीत. म्हणून सुरुवातीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, म्हणजे आजार नाहीच, असे समजू नये.

आपले डोळे कामाला लावा

माईट चावलेल्या जागी अनेकदा काळी, कोरडी खपली धरते. ती विडीचा चटका बसल्यासारखी दिसते, भोवती लालसर कडा असते. ती दुखत नाही, खाजतही नाही. काख, स्तनांखालची घडी, परकराची नाडी आवळते तो कमरेचा पट्टा, बेंबी, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे, केसांखालची मान या तिच्या नेहमीच्या जागा.

तापलेल्या लेकीचे अंग पुसताना, कपडे बदलताना या जागा उजेडात, प्रेमाने आणि तिच्या संमतीने पाहा. खपली आढळली, तर ती खरवडू नका, त्यावर हळद-तेल लावू नका. डॉक्टरांना आवर्जून सांगा. मात्र प्रत्येक रुग्णाला खपली असतेच असे नाही. ती नसली, तरी ताप दुर्लक्षू नये.

औषध आहे, वेळ दवडू नका

या आजारावर लस नाही, पण गुणकारी औषध आहे. एरवी डॉक्सिसायक्लिन दिले जाते. गर्भवतीसाठी डॉक्टर सहसा ॲझिथ्रोमायसिनची निवड करतात. योग्य औषध सुरू झाल्यावर बहुतेकांचा ताप दोन दिवसांच्या आत उतरू लागतो. तरीही ठरवून दिलेला औषधक्रम पूर्ण करावा. उरलेल्या गोळ्या, शेजाऱ्यांनी सुचवलेली वेदनाशामके गर्भवतीला देऊ नयेत.

गर्भारपणात ताप आला, की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नये. धाप लागणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे, असंबद्ध बोलणे, अंगावरून रक्त जाणे, पोटात कळा येणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेतात, गोठ्यात, वैरणीला जाणे झाले होते का, हेही डॉक्टरांना न विचारता सांगावे.

घरात आणि शिवारात

गर्भवतीने गवत कापायला, वैरण आणायला जाऊ नये. कोणीही उघड्या गवतावर बसू-निजू नये, कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत. शेतातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत. घराभोवतीची झुडपे काढावीत, धान्य झाकून उंदीर आटोक्यात ठेवावेत. ही पथ्ये आपल्यासाठीही आहेत, कारण उतारवयातही हा आजार गंभीर रूप घेतो.

पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी लेकी-सुना दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, फडाच्या कडेला कोपीत राहतात. त्यांत गर्भवतीही असतात. त्यांच्या अंगावरची खपली पाहायला आई-सासू जवळ नसते. आपल्या ओळखीतील अशी एखादी निघत असेल, तर निघण्यापूर्वी तिला ही खूण समजावून सांगा. ताप आला, तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जायला बजावा.