ऑरिओमायसिन ते डॉक्सी: धातूंच्या ओढीचा मागोवा

१९४८ साली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीने ऑरिओमायसिन जगापुढे आणलं. मिसूरीतल्या एका शेताच्या मातीतून बेंजामिन डगर यांनी वेगळ्या काढलेल्या सोनेरी जिवाणूपासून ते तयार झालं होतं. संशोधन विभागाची धुरा आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. या औषधाचं पुढे मोठं घराणं झालं, टेट्रासायक्लिनचं. ते बघायला सुब्बाराव हवे होते, असं राहून राहून वाटतं.

पेनिसिलिन जिवाणूला त्याची भिंत नीट बांधू देत नाही. टेट्रासायक्लिन जिवाणूच्या आत शिरतं आणि प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला अडवतं. वाढ खुंटली की उरलेलं काम शरीराची प्रतिकारशक्ती उरकते. आपल्या पेशींतल्या रायबोसोमची घडण वेगळी, म्हणून त्यांना फारशी झळ लागत नाही.

पोटाला मात्र लागली. मळमळ, उलट्या व्हायच्या, म्हणून डॉक्टर सोबत अ‍ॅल्युमिनियमचं अँटासिड देत. १९५० मध्ये अशा रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यात औषध फारच कमी उतरलेलं. पोटाला आराम मिळावा म्हणून दिलेलं अँटासिडच आड येत होतं. या रेणूला धातूंची जबर ओढ असते. अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त, आतड्यात जे भेटेल त्याला तो धरून बसतो आणि मग रक्तात शिरतच नाही. दुधातलं कॅल्शियमही त्यातच आलं.

काही वर्षांनी हीच ओढ मुलांच्या तोंडात दिसली. दात घडत असताना औषध कॅल्शियमला चिकटून तिथेच राही आणि दात पिवळे, करडे, तपकिरी उगवत. ते डाग घासून जात नाहीत. आईने गरोदरपणात औषध घेतलं असेल, तर बाळाच्या दुधाच्या दातांवरही ते येत.

१९६७ मध्ये याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन बाजारात आलं. कॅल्शियमशी त्याची बांधणी बरीच सैल. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची), म्हणजे साचलेल्या पाण्यातून लागणाऱ्या जिवाणूजन्य तापाची, मोठी साथ आली. आता पावसाळ्यात, साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या, असं महापालिका सांगते. मोठ्यांना डॉक्सी, गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅझिथ्रोमायसिन. मुलांना वेगळं का, याचं उत्तर त्या डागाळलेल्या दातांत आहे.

डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. एवढं बहुतेक डॉक्टर सांगतात. घोटाळा होतो तो टॉनिकांचा. कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, झिंक असलेलं मल्टिव्हिटॅमिन, यांना आपल्याकडे कुणी औषधांत धरतच नाही. ‘दुसरं काही चालू आहे का?’ याला उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. डॉक्टरांनी प्रत्येकाचं नाव घेऊन विचारावं, असं मला फार वाटतं. सिप्रोफ्लॉक्सासिन वेगळ्या घराण्यातलं, तरी धातूंना धरून बसण्याची हीच खोड त्यालाही: ते या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावं लागतं.

लोहाच्या बाबतीत डॉक्सीला नुसतं अंतरही पुरत नाही. १९७४ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना दिसलं, की डॉक्सी शिरेतून दिली तरी तोंडाने घेतलेल्या लोहामुळे ती रक्तातून लवकर उतरते. रक्तातली डॉक्सी आतड्यात परत झिरपते, आणि लोह तिला तिथे गाठतं.