तुकोबांच्या तसबिरीतला नट

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ ओलांडून नागोठण्याकडे निघाले की गडब लागते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीकडे उतरत जाणारी खारी शेती. गाव बहुतांशी आगरी, आणि आगरी गाव म्हटले की भजन आलेच. आमच्या आळीतल्या विठ्ठल-रखुमाईच्या लहानशा देवळात डाव्या भिंतीवर तुकोबांची एक तसबीर आहे. माझ्या आजोबांच्या आठवणीतही ती तिथेच होती. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कललेली, हातात वीणा आणि ओठांच्या कडेला हसू येता येता थांबलेले. गेली पन्नास वर्षे मी या तसबिरीला नमस्कार करत आलो आहे.

चार वर्षांपूर्वी देवळाला नवा रंग देण्यासाठी भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. रंग वाळल्यावर एकेक परत लागू लागली, तेव्हा आळीतला एक तरुण म्हणाला, "यो तुकाराम नाय. यो पिक्चरमदला नट हाय. याला कशाला परत लावताव?" त्याने मोबाइलवर प्रभातच्या 'संत तुकाराम'मधले दृश्य थांबवून सगळ्यांपुढे धरले. म्हाताऱ्या माणसांनी माझ्याकडे पाहिले. जुन्या कागदपत्रांत डोके घालून बसणारा म्हणून गावात माझी ओळख आहे. शिक्षण जेमतेम, पण वाचनाचा नाद जुना. "तू सांग, खरं काय ता," असे फर्मान निघाले.

खरे सांगायचे तर मला संकोच वाटला. ही तसबीर सिनेमाच्या आधीची, एखाद्या जुन्या शिळाप्रेसवर छापलेली असावी, असे मी पूर्वी कुठेतरी लिहून बसलो होतो. आधार काही नव्हता, आजोबांच्या आठवणीवर भरवसा होता. आता चौकट उघडून पाहणे भाग पडले. मागची फळी काढली, कागद उलटला. छापखान्याचे नाव असायला हवे ती खालची पट्टी काचेच्या मापासाठी कापून टाकलेली. मग चित्रपट लावला आणि चित्र शेजारी धरून ओवीमागून ओवी यावी तशी दृश्यामागून दृश्ये थांबवत गेलो. कानाची ठेवण, भुवईची कमान, नाकाच्या शेंड्यापासून ओठापर्यंतचे अंतर, सगळे जुळत गेले. रंग मात्र छापखान्याचे, कारण चित्रपट कृष्णधवल. उपरण्याचा पिवळा आणि गंधाचा तांबडा कोणा अनाम कारागिराने आपल्या मनाने भरला होता. तरुणाचे म्हणणे बरोबर निघाले. चेहरा विष्णुपंत पागनीसांचा होता.

पागनीस मूळचे चिकोडीचे. जन्म १८९२चा. मराठी संगीत रंगभूमीवर त्यांचे नाव झाले ते स्त्रीभूमिकांमुळे. बायका रंगमंचावर येत नव्हत्या त्या काळात नाटक कंपन्यांना गोड गळ्याची, नाजूक अंगाची मुले लागत, आणि अशी मुले वयाने मोठी झाली की बहुतेकांची वाट तिथेच संपे. आवाज फुटे, अंग भरे, नवी मुले येत. पागनीसांचा गळा टिकला, पण स्त्रीपार्टीने अंगात मुरवलेली लकबही टिकली. चालण्यात, हात उचलण्यात, मान वळवण्यात ती दिसे.

प्रभात कंपनीत विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांनी तुकारामाचा चित्रपट करायचे ठरवले तेव्हा हीच लकब आड आली. दोघेही कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, दोघेही प्रभातचे संस्थापक-भागीदार. फत्तेलाल मुळात चित्रकार, त्यांचा डोळा आकृतीवर. देहूचा वाणी, शेतावर राबलेला, दुष्काळात पोळलेला माणूस, आणि त्याच्या भूमिकेसाठी हा बायकी हालचालींचा नट? त्यांना तो पसंत नव्हता. दामले अडून बसले. दामल्यांचे खाते ध्वनीचे, त्यांचा कल कानाकडे असणार, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करता येणार नाही, पण चित्रपट पाहताना तो मला दर वेळी पटतो.

कारण पागनीस त्यात अभंग 'सादर' करत नाहीत. रंगभूमीवरच्या गवयाची सवय समोरच्या प्रेक्षकाकडे गाणे फेकण्याची. त्यांनी गाणे आत ओढून घेतले आहे. बोलता बोलता चाल लागते, चाल लागली की शब्द, आणि शब्द संपले तरी ओठ हलत राहतात. आमच्या भजनातले जुने बुवा असेच गात. बाहेरून पाहणाऱ्याला गाणे कधी सुरू झाले ते कळत नसे. आणि फत्तेलालांना खटकलेली ती लकब? तीच इथे कामाला आली. या तुकारामाच्या अंगात हुकमत नाही. तो कोणाच्या अंगावर जात नाही, रस्त्यातून जाताना जागा देतो, ओझे उचलतानाही माफी मागत असल्यासारखा वाकतो. पुरुषी थाटाचा नट असता तर सहनशील तुकाराम 'दाखवावा' लागला असता.

समोर जिजाई आहे म्हणून हे सारे उठून दिसते. ती भूमिका गौरीबाईंनी केली. त्या व्यावसायिक नटी नव्हत्या. प्रभातमध्ये साध्या कामावर लागलेल्या, गर्दीच्या दृश्यांत उभ्या राहणाऱ्या. त्यांची जिजाई नवऱ्यावर, दारिद्र्यावर आणि विठोबावर सारखीच चिडते. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन देवावर पायताण उगारते, तेव्हा आमच्याकडच्या बायका अजूनही मान डोलावतात. शेवटी विमान येते, नवरा बोलावतो, तरी ही जात नाही. तिला घरच्या पोरांना जेवायला घालायचे असते. पागनीसांच्या अभिनयाचे कौतुक करताना गौरीबाईंना वगळणे म्हणजे तराजूचे एकच पारडे दाखवणे.

चित्रपट डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. माझ्या दृष्टीने पुढे पागनीसांचे काय झाले ते जास्त महत्त्वाचे. चित्रपट लागला तेव्हा त्यांचे वय ४४. पुढच्या सात वर्षांतली त्यांची गाजलेली कामे पाहा : १९३९ मध्ये रणजितचा 'संत तुलसीदास', १९४० मध्ये प्रकाश पिक्चर्सचा 'नरसी भगत', १९४३ मध्ये 'महात्मा विदुर'. सगळे संत, नाही तर महात्मे. त्याच १९४३च्या ऑक्टोबरात ते वारले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. आयुष्याची उमेदीची वर्षे लुगडे नेसून उभा राहिलेला हा नट अखेरची वर्षे टाळ-वीणा घेऊन उभा राहिला. कुटुंबवत्सल कारकून, लबाड सावकार किंवा नुसता विनोदी शेजारी त्यांनी रंगवलेला पाहायला मला आवडले असते. लोकांनी तेवढी मोकळीक त्यांना ठेवली नाही. ज्याच्या पाया पडायचे त्याला लबाड कसा पाहवणार?

आता मूळ प्रश्न : तसबीर ठेवायची की काढायची?

तरुणाने एक दाखला पुढे केला, आणि तो आमच्याच तालुक्यातला होता. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे मूळचे पेणचे. शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र पूर्वी सर्रास छापले जाई ते दुसऱ्याच कोणाचे, इब्राहिम खानाचे आहे, हे दाखवून त्यांनी महाराजांचे विश्वसनीय चित्र डच कागदपत्रांतून उजेडात आणले. "बेंद्र्यांनी खोटा फोटो काडला ना? मंग आपुन का नाय काडायचा?" मुलगा वाचणारा होता. मला बरे वाटले आणि अडचणही झाली.

यावर मी जे उत्तर दिले ते इथे जरा नीट मांडतो. बेंद्र्यांनी एक चित्र काढले, कारण जागी लावायला दुसरे हाती होते. महाराज राजे होते. परदेशी वखारींचे लोक, त्यांचे चितारी राजाचे चित्र मिळवत, विकत, पुस्तकांत छापत. देहूच्या वाण्याचे चित्र कोण काढणार? १६५० मध्ये तुकोबा गेले तोवर त्यांचा चेहरा कोणी टिपून ठेवला, असे मानायला विश्वसनीय आधार नाही. तुकोबांच्या चरित्रावर याच बेंद्र्यांनी पुढे पुष्कळ काम केले, देहूची कागदपत्रे धुंडाळली. तिथे त्यांच्या हाती शब्द, तिथी, माणसे लागली. म्हणजे ही तसबीर उतरवली तर खिळ्यावर लावायला उरते ती दुसऱ्या कोणा चितार्‍याची कल्पना. त्या कल्पनेमागेही बहुधा हाच चित्रपट निघेल. मी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात जाऊन विचारले की तुकारामाची मूर्ती करायची तर तोंड कसे करता? कारागीर डोळ्यांची आखणी करत होता. मान वर न करता म्हणाला, "सिनेमातला असतो ना, तसाच. दुसरा केला तर गिऱ्हाईक म्हणतं, हा तुकाराम वाटत नाही."

मग मी त्या मुलाला अभंगाची गोष्ट सांगितली. चित्रपटात एक अभंग आहे, बीज, झाड आणि फळ यांवरचा. आमच्या भजनात तो नेहमी म्हणतात. त्यासाठी गाथा चाळत बसलेले बुवा मी पाहिलेत. गाथेत तो नाही. तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला, केशवराव भोळ्यांच्या संगीतात तो बसवला, आणि तुकोबांच्या शब्दकळेत तो इतका मिसळला की लोकांनी त्याला गाथेचाच मानले. चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो, आणि प्रभातच्या कवीचा अभंग मात्र तुकोबांच्या नावावर गेला. हा उलटा सालोमालो झाला, असे मी म्हणालो तेव्हा मुलगा हसला. पण लगेच म्हणाला, "मंग आठवल्यांचा नाव कोन घेतो? पागनीसांचा कोन घेतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या साऱ्या युक्तिवादात ही फट राहून गेली होती. चित्र ठेवावे की नाही यावर मी तासभर बोललो, आणि ज्याचा चेहरा तिथे आहे त्याचे काही देणे लागते, हे त्या पोराच्या तोंडून यावे लागले. पन्नास वर्षे मी ज्या भुवयांना नमस्कार केला त्या चिकोडीच्या एका नटाच्या होत्या, आणि मला त्याचे जन्मवर्षही ठाऊक नव्हते.

बैठकीत ठरले ते असे : तसबीर तिथेच राहील. आठवल्यांचा अभंग म्हणण्याआधी बुवा त्यांचे नाव घेतील. तसबिरीखाली एक पट्टी लागेल आणि तीवर लिहिले जाईल की हे चित्र विष्णुपंत पागनीस यांच्या भूमिकेवरून घेतलेले आहे. एका आजीने विचारले, "मंग जिजाईचा फोटो कुठं हाय?" तो कुठेच नव्हता. गौरीबाईंचा चेहरा छापून देवघरात लावावा असे कोणत्याही छापखान्याला वाटले नसावे. मुलाने चित्रपटातले एक दृश्य शोधून पेणला छापून आणायचे कबूल केले. चुलीपुढची जिजाई की पायताण उगारलेली, यावर बराच वाद झाला. बायकांनी एकमताने पायताणाची बाजू घेतली. पुरुष मंडळी देवळात ते बरे दिसत नाही म्हणून अडली. तो विषय अजून सुटलेला नाही.

पट्टी मात्र फाल्गुनात, तुकाराम बीजेच्या आदल्या संध्याकाळी लागली. गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवणाऱ्याकडून करून घेतली होती. त्याने 'पागणीस' लिहिले आहे. बीजेला मी ते पाहिले, पण कीर्तन उभे राहिले होते आणि कोणीतरी काचेवर गंध लावून पट्टीला हार घातला होता, म्हणून गप्प बसलो. पुढच्या बीजेआधी 'ण'चा 'न' करून घ्यायचा आहे.