जकार्तात सुटलेली पकड आणि सिरसाळ्याचा पार

सिरसाळा : क्रिकेटचा सामना हरला की बीड-परळी रस्त्यावरच्या या गावात दोन दिवस चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी माणसं कापसाच्या भावाकडं वळतात. कबड्डीतला एक पराभव मात्र इतकी वर्षं झाली तरी पारावरून उठायला तयार नाही. चहा आला, चार माणसं बसली आणि कुणीतरी 'जकार्ता' म्हटलं, की पुन्हा पहिल्या चढाईपासून सामना सुरू होतो.

तो दिवस होता २३ ऑगस्ट २०१८, वार गुरुवार. नागपंचमी होऊन आठवडा झालेला आणि राखी पौर्णिमा तीन दिवसांवर आलेली. कपाशीला पात्या लागलेल्या, सोयाबीन शेंगा धरायच्या बेतात आणि पावसाचा भरवसा नाही, असे ते दिवस. आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारताच्या पुरुष संघापुढं इराण उभा होता. सुवर्णपदक आपलंच, फक्त ते आणायचं बाकी आहे, असं धरून माणसं बसली होती. सामना संपला तेव्हा फलक होता इराण २७, भारत १८.

"काय खेळायलेत हे? घरचा खेळ अन् घरातच हरायलेत!" त्या दिवशी असं म्हणणारी माणसं गावोगाव निघाली असतील. त्यांचा रागही खोटा नव्हता. आशियाई स्पर्धेत कबड्डी आली १९९० साली, बीजिंगला. तिथपासून २०१४ च्या इंचॉनपर्यंत सात स्पर्धा झाल्या आणि सातही सुवर्णपदकं भारताच्या पुरुषांनी आणली. अठ्ठावीस वर्षांचं हे राज्य एका दिवसात गेलं आणि हाती कांस्य आलं.

धोक्याची घंटा आधीच वाजली होती

पारावरचा हिशेब इथूनच सुरू होतो. जुने खेळाडू सांगतात, पराभव इराणपुढं झाला असला तरी घंटा त्याच्या तीन दिवस आधी वाजली होती. २० ऑगस्टला गटातल्या सामन्यात दक्षिण कोरियानं आपल्याला २४-२३ असं एका गुणानं हरवलं. आशियाई स्पर्धेतला भारतीय पुरुष संघाचा तो पहिलाच पराभव. त्याच्याही मागं जा. २०१६ साली अहमदाबादला विश्वचषक झाला, त्याच्या पहिल्याच सामन्यात याच कोरियानं आपल्याला ३४-३२ असं पाडलं होतं. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण पुढं होता. अजय ठाकूरच्या चढायांनी तो सामना ३८-२९ असा फिरवला आणि चषक घरात राहिला. त्याआधी २०१४ च्या इंचॉनमध्ये तर अंतिम सामना २७-२५ असा कसाबसा निसटला होता.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. बोंडअळी एका रात्रीत रान खात नाही. आधी चार फुलं बिघडतात, मग दहा बोंडं किडतात आणि आपण म्हणतो, एवढं चालायचंच. इंचॉनची चार फुलं आणि अहमदाबादची दहा बोंडं आपण विजयाच्या गुलालात पाहिलीच नाहीत.

जकार्तातल्या सामन्यात मध्यंतराला ९-९ अशी बरोबरी होती, म्हणजे सामना हातचा गेलेला नव्हता. पण कर्णधार अजय ठाकूर जखमी झाला आणि संघाची घडी विस्कटली. नावं तर एकाहून एक होती. प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, दीपक हुडा, मोनू गोयत, रोहित कुमार असे चढाईपटू आणि महाराष्ट्राचे रिशांक देवाडिगा व गिरीश एर्नाक. पण इराणच्या बचावापुढं चढाया अडकत गेल्या आणि गुण आटले.

इथं पारावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, चढाईपटूंनी घात केला. दुसरा तट, ज्यात मातीवर गुडघे फोडून घेतलेले लोक आहेत, म्हणतो, "तात्या, चढाईला नावं ठेवू नका. समोर कोपऱ्यात कोण उभं होतं ते बगा की!"

आपल्याच मैदानावर तयार झालेला गडी

कोपऱ्यात उभा होता फजल अत्राचली. हे नाव आपल्याला परकं नाही. २०१४ साली आपल्याकडं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पुढच्या हंगामापासून फजल आपल्याच मैदानावर खेळत होता. २०१८ च्या लिलावात मुंबईच्या संघानं त्याला एक कोटी रुपये दिले. त्याचा जोडीदार अबोझर मिघानी याला तेलुगू संघानं ७६ लाख मोजले. त्याच लिलावात मोनू गोयतला हरियाणाच्या संघानं १ कोटी ५१ लाख दिले होते. म्हणजे जकार्ताच्या मैदानावर समोरासमोर उभे होते ते एकमेकांना पुरते ओळखणारे गडी. कोण कोणत्या पायावर वळतो, कोण बोनसला कधी जातो, दम लागला की कोण घाई करतो, हे सगळं इराणच्या पोरांना आपल्याच मैदानावर शिकायला मिळालं होतं.

यावर काहीजण तावातावानं म्हणतात, परदेशी खेळाडूंना लीगमध्ये घेतलंच कशाला? आपलंच बी देऊन शेजाऱ्याचं रान पिकवलं. पण हा विचार टिकणारा नाही. शेजाऱ्यानं चांगलं बी नेलं म्हणून आपलं पीक जात नाही. आपण आपल्या रानात खुरपं फिरवलं नाही म्हणून जातं. फजल इथं शिकला तसं आपल्या पोरांनाही फजलकडून शिकता येत होतं. तो कोपऱ्यात कसा थांबतो, घोटा पकडायला कधी झेपावतो, जोडीदार येईपर्यंत घाई कशी करत नाही, हे सगळं दूरदर्शन संचावर घराघरात दिसत होतं. आपण त्याच्या पकडीला टाळ्या वाजवल्या. ती पकड उतरवून घ्यायला वही त्यानं काढली, आपण नाही.

आणखी एक गोष्ट. घरात वाटणीचं भांडण चालू असलं की पेरणी साधत नाही. त्या वर्षी संघनिवडीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. आमच्यावर अन्याय झाला, असं वगळलेल्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं १५ सप्टेंबर २०१८ ला दिल्लीत निवड सामना ठेवायला सांगितलं. पण जकार्ताला गेलेले खेळाडू मैदानात आलेच नाहीत. कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा पारावर बसून करता येणार नाही. पण ग्रामपंचायतीचं राजकारण जवळून पाहिलेल्या माणसाला एवढं कळतं, की निवडीबद्दल शंका राहिली तर जिंकलेल्याचंही समाधान होत नाही आणि हरलेल्याचंही.

दुसऱ्या दिवशीचा दुसरा धक्का

पुरुष हरले तेव्हा माणसं म्हणाली, पोरी आणतील. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना होता. २०१० आणि २०१४ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं त्यांच्या नावावर होती. संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे होत्या. मध्यंतराला भारत १३-११ असा पुढंही होता. शेवटी फलक लागला इराण २७, भारत २४.

पण या पराभवात एक गोष्ट अशी आहे की ती ऐकल्यावर पारावरचा सगळ्यात बोलका माणूसही गप्प होतो. इराणच्या मुलींची प्रशिक्षक होती आपली मराठी बाई. शैलजा जैन. नाशिकला वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ज्या वयात माणूस निवृत्तीचे कागद नीट लावून ठेवतो, त्या वयात त्या इराणला गेल्या. भाषा वेगळी, रीतिरिवाज वेगळे, जेवण वेगळं. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली, मुलींकडून योगासनं आणि प्राणायाम करून घेतला आणि दीड-पावणेदोन वर्षांत सुवर्णपदक जिंकणारा संघ उभा केला.

आता याला हार म्हणायची की जीत? ज्ञान महाराष्ट्राचं, खेळ महाराष्ट्रात रुजलेला, शिकवणारी बाई महाराष्ट्राची आणि पदक तेहरानला. हुतूतूला नियमांची चौकट मराठी मुलखात मिळाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथं जाऊन आपल्या मातीतले खेळ जगाला दाखवले. शंकरराव म्हणजे बुवा साळवींनी उभा जन्म या खेळाला वाहिला. एवढी पुण्याई गाठीशी असताना आपल्या घरातल्या जाणत्या बाईचा उपयोग परक्यांनी आधी करून घेतला, ही खरी चुटपुट आहे. गावात चांगला कारागीर असतो, त्याला आपण 'आपला बाब्या' म्हणून सोडून देतो आणि तोच शहरात जाऊन नाव काढतो. तसंच हे झालं.

हरल्यानंतर काय केलं

हरणं वाईट नाही, हरल्यावर न सुधारणं वाईट. पाच वर्षांनी चीनमधल्या हांगझोऊला, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, दोन्ही पदकं परत आली. महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवलं आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. पुरुषांपुढं पुन्हा इराणच होता. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत २८-२८ अशी बरोबरी असताना कर्णधार पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद पेटला आणि सामना तासभर थांबला. अखेर ३३-२९ असा निकाल भारताच्या बाजूनं लागला. त्या संघात आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता आणि नाशिककडचा आकाश शिंदेही होता. दोघंही शेतकरी मुलखातून वर आलेले.

पण नीट पाहा. एका गुणानं जिंकलो आणि वादातून जिंकलो. म्हणजे जकार्ता संपलेलं नाही. आता हा खेळ एकट्याच्या मालकीचा राहिलेला नाही, हे पक्कं ध्यानात ठेवून पुढं जायचं.

सव्वा गुंठ्याचा प्रश्न

मग सिरसाळ्यानं, किंवा परळी तालुक्यातल्या कुठल्याही गावानं यातून काय घ्यायचं? राष्ट्रीय संघ कुणी निवडावा हे आपल्या हातात नाही. आपल्या हातात जे आहे ते मोजून पाहू.

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे सव्वा गुंठ्याहून जरासं जास्त. भोवती चार-चार मीटर मोकळी जागा सोडली तरी चार गुंठ्यांत सगळं बसतं. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर, त्याहून लहान. एवढी जागा आपल्या गावठाणात, गायरानात किंवा शाळेच्या आवारात खरंच नाही का? की ती आहे, पण तिथं वाळूचे ढीग, उकिरडे आणि कुणाची तरी टपरी आहे? गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत ठरतो. त्यात गटारं आणि पेव्हर ब्लॉक येतात, मैदान क्वचितच येतं. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी पुढच्या ग्रामसभेत एवढा एक ठराव घ्यायला काय हरकत आहे?

दुसरी अडचण मॅटची. आपली पोरं मातीत, अनवाणी तयार होतात आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मॅटवर बूट घालावे लागतात, पाय वेगळा रुततो, सूर मारताना अंग वेगळं घासतं. मातीवर वाघ असलेलं पोरगं मॅटवर पहिल्यांदा उभं राहिलं की निम्मा सामना पाय सावरण्यातच घालवतं. एका गावाला मॅट परवडत नसेल तर पाच-सात गावांनी मिळून किंवा मोठ्या शाळेनं पुढाकार घेऊन एक घ्यावी आणि आळीपाळीनं सराव करावा. पाण्याच्या पाळीचा हिशेब ज्यांना जमतो, त्यांना मॅटची पाळी लावता येणार नाही असं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, आणि ती आपल्या जिल्ह्याचीच आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात आणि वरच्या पातळीवर जाईपर्यंत दिवाळी येते. तेवढ्यात कोयत्याचा हंगाम लागतो. तालुक्याला पहिली आलेली पोरगी पुढच्या फेरीच्या वेळी गावात असतेच असं नाही. ती आईबापासंगं कुठल्यातरी कारखान्याच्या थळात असते, लहान भावाला सांभाळत. हंगामी वसतिगृहं आहेत, पण खेळणाऱ्या मुलीला मागं ठेवायचं तर आजी-आजोबा, गुरुजी आणि गाव, सगळ्यांनीच हात द्यावा लागतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण तिथं पोचायचं तर आधी मैदानावर टिकावं लागतं. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना हे माहीत आहे. त्यांच्या बहिणींना कुणी सांगितलंय का?

पारावरची चर्चा शेवटी इथंच येऊन थांबते. जकार्ताला कुणी पकड सोडली, कुणी बोनस दिला, याचा हिशेब झाला. एक म्हातारं माणूस मात्र दर वेळी उठताना तेच विचारतं, "शैलजाबाई नाशकात शिकवत होत्या तेव्हा आपण कुठं होतो? अन् आता आपल्या शाळेत जी बाई पोरींना शिकवायली, तिला मैदान कोण देणार?"

या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. पुढची ग्रामसभा जवळ आली की विषयपत्रिका एकदा वाचून बघा. त्यात सव्वा गुंठ्याचा विषय नसेल तर तो घालायला एका अर्जाएवढंच काम आहे.