घरबसल्या दिवसांचा जमाखर्च

व्यापारी मनुष्यास तोटा सोसतो, उन्हातान्हातील प्रवास सोसतो, प्रसंगी गिऱ्हाइकाचे चार कडवे बोलही सोसतात. परंतु घरी बसणे त्यास सोसत नाही. पहाटे उठावे, देरासरात दर्शन घ्यावे, नवकारसी झाल्यावर दूध घेऊन पेढीची वाट धरावी, भाव विचारावेत, माल पाहावा, सांजेस सूर्यास्तापूर्वी जेवणास परतावे, ही ज्याची चाळीस वर्षांची चाकोरी, त्यास एके दिवशी ‘आता बाहेर पडू नका’ असे सांगितले म्हणजे त्याच्या मनाची काय अवस्था होते, हे आमच्या सुरतेच्या व्यापारी बंधूंस निराळे सांगावयास नको. यंदाच्या स्मरणिकेसाठी बाजारपेठेविषयी काही लिहावे, असा आमचा प्रथम विचार होता. पण बाजारपेठेविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. घरी बसलेल्या व्यापाऱ्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हा विषय घेतला.

आमच्या आठवणीत या शहरावर मोठे प्रसंग तीन आले. पहिला सप्टेंबर १९९४ मधील प्लेगचा. त्या वेळी लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत आम्हीही होतो. तापी खोऱ्याच्या गाडीने नंदुरबार गाठले, तेथे आप्तांनी आम्हांस बाहेरच्या खोलीत उतरविले आणि ताट उंबऱ्यावर ठेवून ते मागे सरले. तेव्हा राग आला होता. आज येत नाही. त्या प्रसंगी आम्ही घरी बसलो नाही, पळालो. म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २००६ चा. उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात मावेना, आणि बहुतेक सर्व शहर जलमय झाले. आमचे घर सखल भागात. खाली वखार व वर बिऱ्हाड. ७ तारखेच्या सायंकाळी मुनीमजींनी नदी चढत असल्याची वर्दी दिली, तेव्हा हमाल मिळतील तितके जमवून गव्हाच्या पोत्यांची थप्पी फळ्यांवर चढविली. तुरीची पोती मात्र खालीच राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी आले, आणि पुढे चार दिवस आम्ही घरची अकरा माणसे वरच्या मजल्यावर अडकून पडलो. वीज नाही, दूरध्वनी नाही, दूध नाही. आकाशातून हेलिकॉप्टर फिरत, आणि खाली, जिन्याच्या सातव्या पायरीवर, पाणी उभे.

त्या चार दिवसांत आम्ही काय केले, ते लिहिण्यास संकोच वाटतो. आम्ही खिडकीत बसून समोरच्या भिंतीवरील पाण्याची रेघ पाहिली आणि मनातल्या मनात तोट्याचा हिशेब केला. एकदा नव्हे, दिवसातून पन्नास वेळा, आणि प्रत्येक वेळी आकडा वाढे. मुले खेळली की आम्ही ओरडत असू, खिचडी पुढे आली की ताट सरकवीत असू. तिसऱ्या दिवशी आमच्या मातोश्रींनी, ज्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते, सामायिक पारून आम्हांस जवळ बोलाविले. त्या म्हणाल्या, “अरे, तू पेढीवर कधी तोंडी हिशेब ठेवलास का? मग येथे का ठेवतोस? वही आण.”

वही वरच होती. आम्ही लिहावयास बसलो. फळ्यांवरचा गहू किती, खालची तूर किती, बाहेरून येणे किती, देणे किती, त्यांपैकी दिवाळीपर्यंत थांबू शकणारे देणे किती. अर्ध्या तासाने बेरीज मारली, तेव्हा मनातला आकडा वहीतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. तोटा खरा होता. पाणी ओसरल्यावर वखारीचे दार उघडेना, कारण भिजून फुगलेली तूर आतून दारास रेटीत होती, आणि तो आंबूस वास कित्येक आठवडे गेला नाही. परंतु जो तोटा झालाच नव्हता, तोही आम्ही तीन दिवस भोगीत होतो. त्या रात्री प्रथमच झोप लागली.

आपल्या शास्त्रकारांनी या गोष्टीचा किती बारकाईने विचार केला आहे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: नकोसे ते वाट्यास येणे, हवेसे ते दुरावणे, शरीराची वेदना, आणि पुढील भोगांची लालसा, यांपैकी कशाचेही मनात एकसारखे घोळणे म्हणजे आर्तध्यान. घरी अडकलेल्या व्यापाऱ्याच्या मनात चारही एकाच वेळी हजर असतात. श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंडविरमण पाहावे. ज्यापासून काही प्रयोजन साधत नाही असा दंड सोडावयाचा, असे ते व्रत. आणि अनर्थदंडाच्या प्रकारांत अपध्यान, म्हणजे मनातले वाईट चिंतन, हेही गणलेले आहे. आम्ही आमच्या भाषेत त्याचा अर्थ असा लावतो की, ज्या खर्चासमोर जमेची बाजू कोरीच राहणार, तो खर्च. पंडितांनी या अर्थाबद्दल आम्हांस क्षमा करावी.

घाबरलेल्या व्यापाऱ्यांचे जुने उदाहरणही आपल्याच समाजातले आहे. बनारसीदास हे श्रीमाळ जैन व्यापारी १५८६ साली जौनपूरला जन्मले, आणि १६४१ साली त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मवृत्त पद्यात लिहिले. १६०५ साली अकबर बादशहा निवर्तल्याची वार्ता जौनपुरात पोहोचली, तेव्हा लोकांनी दारे लावून घेतली, मौल्यवान वस्तू दडविल्या, श्रीमंतांनी अंगावर जाडीभरडी वस्त्रे चढविली. बनारसीदास स्वतः जिन्यावर बसले होते. बातमी ऐकताच भोवळ येऊन खाली पडले व त्यांचे डोके फुटले. दहा दिवसांनी आग्ऱ्याहून पत्र आले की, नवा बादशहा गादीवर बसला असून सर्व ठीक आहे. त्या दहा दिवसांत चोर-दरोडेखोर कोठेही दिसले नव्हते, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेविले आहे. पुढे आग्ऱ्यास व्यापार बुडाला, जवळ पैसा उरला नाही, तेव्हा हे गृहस्थ बाजारात जाणे सोडून घरी बसले. पण कसे बसले? रात्री मधुमालती आणि मृगावती यांच्या कथा ते गाऊन वाचीत, ऐकावयास दहावीस माणसे जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदासांनी कित्येक महिने उधार कचोऱ्या खाल्ल्या, आणि एके दिवशी आपली खरी स्थिती त्यास सांगून टाकली. त्याने उधारी बंद केली नाही. घाऊक व्यापारी म्हणून त्या कचोरीवाल्याचे धोरण आम्हांस मान्य नाही. माणूस म्हणून त्याच्यासारखा माणूस प्रत्येक पेठेत एक तरी असावा असे वाटते.

आता तिसरा प्रसंग. २४ मार्च २०२० च्या रात्री घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सारा देश बंद झाला. धान्य ही आवश्यक वस्तू. त्यामुळे आमची पेढी ठरलेल्या वेळी उघडी राहिली. परंतु आम्हांस मधुमेह असल्यामुळे मुलांनी हात जोडून सांगितले, “दादा, तुम्ही आता घरीच बसा.” म्हणजे पेढी चालू आणि आम्ही बंद! मुलगा बाजारातून परत येईपर्यंत जिवात जीव नसे. पहाटे चार वाजता उठून मोबाइलवर मृतांचे आकडे पाहावेत, ते आणखी दहा जणांस पाठवावेत, असा नवाच धंदा आम्ही आरंभिला. छातीत धडधड होऊ लागली, तरी कोणास सांगितले नाही. ज्याने दुष्काळ पाहिले, पूर पाहिला, त्याने ‘मला भीती वाटते’ असे सुनेसमोर कसे म्हणावे?

मुदत हाही एक भाग होता. प्रथम एकवीस दिवस म्हणाले, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. मुदत टळत जाणाऱ्या हुंडीने सावकार जसा बेजार होतो, तसे आमचे झाले. अखेर ती मोठी मुदत आपल्या हातात नाही, हे पत्करून आम्ही लहान मुदती हाती घेतल्या. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. त्याला आरंभ आहे, शेवट आहे, आणि तेवढा वेळ बातमी पाहावयाची नाही एवढे बंधन तर आपोआपच पडते. सकाळी एक, दुपारी एक. देशावकाशिक व्रतात श्रावक ठराविक काळापुरते आपल्या हिंडण्याफिरण्याचे क्षेत्र आपणहून आखून घेतो. आम्ही रोज सकाळी म्हणू लागलो, ‘आज सूर्यास्तापर्यंत हे घर व ही गच्ची.’ सरकारने तेच सांगितले होते. पण स्वतः म्हटल्यावर भिंती थोड्या मागे सरल्यासारख्या वाटल्या. साधुसाध्वी दर वर्षी चातुर्मासात एका स्थानी राहतातच. आणि आमच्या खानदेशचे उदाहरण द्यावयाचे, तर १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तेथे तर दारास बाहेरून कुलूप होते.

घरच्या मंडळींनी आमची कीव केली नाही. एकदा आम्ही फारच कुरकुर केली, तेव्हा गव्हाचे ताट पुढे ठेवून त्या म्हणाल्या, “अहो, तुम्हांला दोन महिने झाले, आम्हांला चाळीस वर्षे झाली. एवढे गहू निवडा.” हजारो पोती गहू विकलेल्या आम्ही तोपर्यंत एक ताटही निवडले नव्हते. त्या दिवशी आमच्याच पेढीच्या मालात खडे किती असतात, हे समजले आणि दुसऱ्या दिवशी चाळणीवाल्यास निरोप गेला. गहू निवडताना हात गुंतलेले असतात, नजर गुंतलेली असते आणि काम संपल्याचे डोळ्यांस दिसते. औषध म्हणून आम्ही ते कोणासही सुचवू.

धडधड मात्र थांबली नाही, तेव्हा सूनबाईंनीच आमच्या घरच्या डॉक्टरांस फोन लावून दिला. त्यांनी तपासण्या करविल्या, हृदय ठीक असल्याचे सांगितले, आणि बातम्या दिवसातून एकदाच पाहाव्यात, सकाळी गच्चीवर उन्हात चालावे, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, असे बजाविले. शिवाय म्हणाले, “शेठजी, दोन आठवडे झोप नसेल तर तो आजार आहे, त्यात लाजण्यासारखे काय?” हे वाक्य आमच्या पेठेत मोठ्याने उच्चारले जावे अशी आमची इच्छा आहे. वखारीत पोती भिंतीस टेकवून, मध्ये वाट न ठेवता रचली तर आतल्या आत धान्य तापते, हे आपणांस कळते. मनाच्या बाबतीत मात्र आपण तसेच रचीत जातो. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू झाली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला म्हणजे जाणता माणूस ऐकून घेतो, पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमच्याच धंद्यातील एक स्नेही त्या टाळेबंदीत रोज सकाळी नऊ वाजता आम्हांस फोन करीत. तुरीचा भाव विचारीत, गव्हाचा विचारीत, आम्ही सांगत असू, फोन संपे. जूनमध्ये त्यांच्या चिरंजीवांकडून कळले की, वडील तीन आठवडे झोपलेले नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, जेवण सुटले आहे. म्हणजे दिवसभरात ते बोलत होते ते एवढेच, आमच्याशी, भावाचे. त्यांनी भाव विचारले आणि आम्ही भाव सांगितले. उपचारांस कित्येक महिने लागले. आता ते बरे आहेत, पेढीवर येतात.

नऊचा फोन अजूनही येतो. आम्ही प्रथम विचारतो, “काल झोप कशी होती?” ते कधी खरे सांगतात, कधी हसून टाळतात. टाळले तर आम्ही दुपारी त्यांच्या पेढीवर जाऊन येतो. तुरीचा भाव त्यानंतर निघतो.