धोरणबदल आणि कामगारांचा असंतोष : मुंबईच्या गिरण्यांतील तीन साच्यांचा प्रश्न

कामगारांच्या असंतोषाचे मोजमाप सामान्यतः वेतनाच्या आकड्यांवरून केले जाते. मुंबईतील १९२८ च्या सार्वत्रिक संपाला हे माप अपुरे पडते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या या संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार उतरले होते. तत्पूर्वी १९२५ साली साडेअकरा टक्के वेतनकपातीविरुद्ध संप झाला, तेव्हा वादाचा विषय एकच व स्पष्ट होता. सरकारने कापडावरील अबकारी कर उठविताच कपात मागे घेतली गेली. १९२८ चा प्रश्न इतका सरळ नव्हता.

ससून समूहाच्या गिरण्यांनी नवी कार्यपद्धती सुरू केली. तीनुसार विणकराने दोनांऐवजी तीन साचे आणि कताई कामगाराने एका साइडऐवजी दोन साइडी सांभाळावयाच्या होत्या. सूत चांगले असेल तर धागे कमी तुटतात, एक माणूस अधिक यंत्रे पाहू शकतो व त्याची कमाईही वाढते, असा मालकांचा युक्तिवाद होता. तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु सहा साच्यांवर पूर्वी तीन विणकर लागत, तेथे आता दोघे पुरत; तिसऱ्याचे काय, याचे उत्तर त्या हिशेबात नव्हते. शिवाय कापसाची प्रत ठरविणे मालकाच्या हाती होते. सूत कच्चे निघाले की साचा थांबे आणि नगावरील मजुरी घटे. बिघडलेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची प्रथाही होतीच. म्हणजे निर्णय एकाचा आणि त्याची जोखीम दुसऱ्याची. प्रस्तुत लेखकाच्या मते असंतोषाचे खरे मूळ येथे आहे. मालकांच्या प्रमाणीकरण योजनेतील विणकरांच्या वेतनातील साडेसात टक्के कपात आणि कडक स्थायी आदेश यांनी त्यात भर घातली. संपवाल्यांच्या मागण्या सतरा होत्या, त्या उगाच नव्हे.

अर्थात ‘कामगार’ हा एकजिनसी वर्ग नव्हता. साचेखात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती; तोंडाने धागा ओढावा लागतो, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. तीन साच्यांचा वाद ज्यांना एकही साचा मिळत नव्हता त्यांना कितपत आपला वाटावा? डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न त्या संपाच्या काळातच उपस्थित केला होता.

फॉसेट समितीने १९२९ च्या अहवालात नवी पद्धती तत्त्वतः मान्य केली, मात्र काही पथ्ये सुचविली. बदलापूर्वी कामगारास कळविण्याचे कायदेशीर बंधन केंद्रीय कायद्यात बऱ्याच उशिरा आले. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम ९-अ घालण्यात आले. त्याने वेतन, कामाचे तास, तसेच कामगारकपात घडविणारे विवेकीकरण अशा बाबींत एकवीस दिवसांची सूचना आवश्यक ठरविली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही सूचनेचे तत्त्व कायम ठेवले आहे. तथापि सूचना म्हणजे संमती नव्हे. कायदा मालकाला आधी सांगावयास लावतो, विचारावयास नव्हे.